वीतभर सैल

कापड कापायचं टेबल दोन हातगाड्यांवर आडवं टाकून आणलं. पुढची गाडी काचवाला ओढत होता, मागची चपलांच्या दुकानाचे मालक ढकलत होते, आणि मधल्या फटीत मास्तर टेबलाला नुसता हात लावून चालत होते. दवाखान्यात नेताना आपल्या माणसाचा हात धरून चालावं, तसे.

"मास्तर, हात काढा, वजन वाढतंय."

"तू पुढं बघ. खड्डा येईल."

"आता कुठला खड्डा! खड्डे गेले, तुमची सवय तेवढी राहिली."

खरंच होतं ते. मास्तरांची सून मागून लेकीला, चिमटीला, कडेवर घेऊन येत होती, आणि तिलाही पावलं जपून टाकायची सवय सुटली नव्हती. बाजारपेठेतला हा रस्ता आता गाड्यांना बंद होता. सपाट फरशा, लोखंडी पिंजऱ्यांतली कोवळी झाडं, आणि मधून मधून बाकं. बाकांवरचं प्लास्टिक अजून कुणी काढलं नव्हतं, तरी दोन आजोबा एका बाकावर बसून घेत होते आणि हलले की खाली कुरकुर वाजत होतं. एवढी शांतता या रस्त्यावर पूर्वी पहाटेलाही नसायची. आता बोलताना ओरडायला लागत नव्हतं, पण काचवाला ओरडतच होता. तीही सवयच.

चिमटीनं टेबल आज पहिल्यांदाच पाहिलं. तिचा जन्म बस डेपोमागच्या पत्र्याच्या शेडमधल्या दिवसांतला. जुनी ओळ पाडली तेव्हा सगळ्या दुकानदारांना तिथं हलवलं होतं, आणि शेडमध्ये हे टेबल मावत नव्हतं. आजेसासऱ्यांनी ते जुन्या दुकानाच्या आतच सुताराकडून करून घेतलेलं. दारातून बाहेर निघेलच कसं, हा विचार त्यांना कधी शिवला नव्हता, कारण दुकान सोडायचा विचारच शिवला नव्हता. पाडकाम करणाऱ्यांनी दर्शनी भिंत काढली तेव्हा कुठे ते आयुष्यात पहिल्यांदा उन्हात आलं. मग एवढी वर्षं काचवाल्यानं ते आपल्या गोदामात काचांच्या शेजारी उभं करून ठेवलं. त्याबद्दल काही म्हटलं की तो म्हणायचा, "उपकार कसले? माझ्या काचा टेकून उभ्या राहतात त्याला."

सुनेचा नवरा परगावी नोकरीला, तो सोडला तर आज घरचे सगळे होते. मास्तर टेबलाबरोबर. काका, मास्तरांचे धाकटे भाऊ, पहाटेपासून नव्या दुकानातच होते. काकू डबे घेऊन पुढं गेली होती. फक्त आत्या, या दोघा भावांची थोरली बहीण, अजून आली नव्हती.

"मी शेड झाडून येते," आत्या सकाळी म्हणाली होती.

"उद्या पाडणारेत आत्या ती शेड."

"म्हणून काय घाण ठेवून यायची?"

सुनेला ते हसण्यावारी नेता आलं नव्हतं. कुणी कुठं बसायचं ते महिन्यापूर्वी शेडमध्येच ठरलं होतं. काकांनी हवेत हात फिरवून नवं दुकान उभं केलं होतं. पुढं टेबल, दोन मशीन, इस्त्री. मध्ये भिंत. भिंतीमागं त्यांच्या रेडिमेड कपड्यांचे रॅक आणि कपडे घालून बघायची खोली. आत्याच्या खुर्चीशी आल्यावर हात थांबला होता.

"ताई, काज-बटणाचं मशीनच घेऊ आपण. किती वर्षं डोळे फोडणार आहेस? परवा सुई ओवायला चार वेळा तोंडात दोरा घातलास. आता घरी बस, आराम कर."

हे काकांनी मायेनंच म्हटलं होतं, आणि म्हणूनच त्यावर भांडता आलं नाही. मास्तरांनी हातातल्या कॉलरवरून मान वर केली नाही. सून नवी होती, म्हणजे नवी म्हणण्याइतकी आता उरली नव्हती, पण या बाबतीत बोलण्याइतकी जुनीही झाली नव्हती. आत्या म्हणाली होती, "बरं."

या घरात आल्यावर सून आधी शिवण शिकली आणि मग आत्याचं "बरं." एक "बरं" म्हणजे पुन्हा उसव. एक "बरं" म्हणजे छान झालंय, पण तोंडावर सांगणार नाही. शेडमधलं "बरं" मात्र या आधी तिनं ऐकलेलं नव्हतं.

"ए चिमटे, आजोबांचा कान सोड," काचवाला म्हणाला. चिमटीनं कडेवरून वाकून मास्तरांचा कान पकडला होता. मास्तर टेबलावरचा हात काढायला तयार नव्हते, म्हणून कान तसाच देऊन चालत होते.

*

रॅक आत जाईना.

काकांनी तो आडवा करून पाहिला, तिरका करून पाहिला, आणि मग ज्यानं बनवला त्याला फोन लावून सुट्टीच्या सकाळी चार शब्द सुनावले. पलीकडचा शपथेवर सांगत होता की माप बरोबर आहे. काकांनी फोन ठेवला आणि भिंतीमागची खोली टेपनं मोजली. मग टेपकडेच संशयानं पाहिलं.

बाजारात त्यांना सगळे "शेठ" म्हणायचे, आणि त्या म्हणण्यात अर्धी चेष्टा असायची. शिंप्याच्या पोरानं तयार कपडे विकायचे म्हणजे आचाऱ्यानं हॉटेलातून डबा मागवण्यासारखं. पण शेडच्या दिवसांत, डेपोमागं वाकडी वाट करून शिवायला कोण येतंय अशी गत असताना, या तयार शर्टांनीच चूल पेटती ठेवली होती. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. इतरांनीही कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि ते त्यांच्या लक्षात होतं.

तेवढ्यात टेबल आलं. काचेचं दार पूर्ण सरकवलं, आणि एकही पाय न घासता ते असं आत आलं की चपलावाले मालक म्हणाले, "जुन्या दुकानाला असं दार असतं तर!"

"तर हे कधीच विकून झालं असतं," मास्तर म्हणाले.

इस्त्रीचा प्लग मधल्या भिंतीत होता, म्हणून टेबल तिकडं सरकवलं. त्याचं एक टोक भिंतीला लागलं. सगळे मागं झाले, हात झटकले, आणि मग सगळ्यांनी दुसऱ्या टोकाकडं पाहिलं.

टेबल आणि पुढची काच यांच्यामध्ये भली मोठी जागा रिकामी होती.

"हे काय?" मास्तर म्हणाले.

"फट," काकू म्हणाली. मग नीट पाहून म्हणाली, "फट कसली, खोलीच आहे. भाड्यानं द्या कुणाला तरी."

काकांच्या डोक्यात रॅक, खोली आणि ही जागा एकदम एका दोऱ्यात ओवली गेली. "हेल्मेट!" त्यांनी हाक मारली.

ठेकेदाराचा माणूस शेजारच्या दुकानातून आला. डोक्यावरचं पिवळं हेल्मेट तो जेवतानाही काढत नाही, म्हणून बाजारानं त्याचं बारसं तसंच केलं होतं, आणि तोही ओ देत होता.

"भिंत चुकलीये तुमची. माझ्या खोलीत आलीये."

"भिंत माझी चुकत नाही शेठ. बाकीच्यांनी मला फूट-इंच सांगितले. तुम्ही काय दिलंत?" हेल्मेटनं दारामागून खाकी कागदाची मोठी गुंडाळी काढली. "टेबलाचा अख्खा कागद कापून दिलात! आयुष्यात असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. माझ्या पोरांनी तो जमिनीवर पसरला, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, जिथं कागद संपला तिथं खडूनं रेघ मारली. त्या रेघेवर भिंत. बोला."

कागद टेबलावर पसरला. एक कड भिंतीला लावली. दुसरी कड टेबलावरून खाली आली, आणि येतच राहिली, कोटाच्या शेपटासारखी लोंबली.

"आता सांगतो," हेल्मेट म्हणाला. "भिंत हलकी आहे, हलवता येते. पण आत्ता. जेवणानंतर पुट्टीवाले येतात. एकदा पुट्टी लागली की मी हात लावणार नाही, आणि ते पुढच्या दुकानाला गेले की मला सापडणारही नाहीत."

"हलवा," काका म्हणाले. "थांब, आधी कळू दे कुणी घोळ घातला. दादा, टेबल तू मोजलंस."

"मोजलं. गोदामात जाऊन मोजलं. बरोबर मोजलं."

"मग?"

"मग काय? बरोबर मोजलं आणि वर वीतभर सैल धरलं." मास्तरांना यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. "उघड्या अंगाचं माप कुणी कटिंगला देतं का?"

काका काहीतरी बोलणार होते, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. काकूला नवऱ्याचं ते तोंड ओळखीचं होतं.

"तुम्ही काय केलंत?" तिनं विचारलं.

"मी काही नाही."

"काही नाही म्हणजे किती?"

"अगं, दादा माप घट्ट देतो, सगळ्या बाजाराला माहीत आहे! पोट आत घ्यायला लावून टेप लावतो लोकांना. मी फोनवर हिला माप सांगितलं तेव्हा म्हटलं, असू दे थोडं." त्यांनी सुनेकडं पाहिलं. "वीतभर."

सून चिमटीला या कडेवरून त्या कडेवर घेत होती. ती तेव्हा ओली बाळंतीण होती. दुपारी बाळ झोपलं की खोलीभर खाकी कागद पसरून गुडघ्यांवर बसायची आणि बाळ उठायच्या आत कात्री चालवायची. टेबल तर तिनं पाहिलेलंही नव्हतं.

"मी पण," ती म्हणाली. "कागद कापताना कडेला सोडायचंच असतं ना. आणि म्हटलं, एवढं मोठं टेबल आहे, त्याला नेहमीएवढं कसं पुरेल?"

"म्हणजे वीत?"

"माझी वीत लहान आहे, काका."

सगळ्यात आधी काचवाला हसला. मग चपलावाले. काकू पदरात तोंड घालून हसली. हेल्मेटला विनोद कळला नव्हता, पण तोही हसला. काकांना मात्र हसू येईना, कारण हे तीनही हात एकाच हातानं घडवलेले आहेत, हे त्यांना त्याच क्षणी दिसलं होतं, आणि मास्तरांनाही दिसलं होतं, कारण ते त्यांच्याकडं न बघता चष्मा पुसत होते.

"काय झालंय?" दारातून आवाज आला. "चौकापर्यंत ऐकू येतंय. अजून उद्घाटन नाही आणि भांडण सुरू?"

*

आत्यानं शेड झाडली होती, कुलूप लावलं होतं आणि किल्ली डेपोच्या चौकीदाराकडं दिली होती. येताना तिनं तिची कापडी पिशवी पोटाशी धरली होती. पिशवीत मोठी कात्री, सुया-दोरे-बटणांची डबी आणि शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान. ठरवून आली होती. टेबल बसलं की कात्री सुनेच्या हातात द्यायची, अंगुस्तानही द्यायचं, चहा प्यायचा आणि घरी जायचं. मध्ये कुणी रडायचं नाही, आणि आपण तर मुळीच नाही.

दारात तिला पहिल्यांदा टेबल दिसलं. मग टेबलावरून लोंबणारा कागद. मग जागा. कुणी काही सांगायच्या आत तिला समजलं. कागदावरचा खडू तिला वाचता येत होता, जसा दुसऱ्याला चेहरा वाचता येतो. ही वळणाची कड सुनेची. कोपऱ्याला कात्री थोडी घाबरते अजून. पण आतलं सगळं माप आत्याचं स्वतःचं होतं.

वडील गेले तेव्हा मोठा शाळेच्या शेवटच्या वर्षात होता आणि धाकटा टेबलाखाली चिंध्यांत झोपायचा. तिनंच दोघांच्या हातात कात्री दिली होती. दोघांनाही एकच गोष्ट शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागला होता. अरे, माणूस माप देताना ताठ उभा असतो. पण तो घरी जाऊन बसणार आहे. जेवणार आहे. पोराला उचलून घेणार आहे. नवऱ्यामुलाचा कोट इतका घट्ट कापलास तर लग्नात तो हसणार कसा? अंगाचं माप घे, आणि मग त्याच्या दिवसाचं माप घे. जेवढं अंग मोठं, तेवढं सैल जास्त.

आणि बघा, टेबलालाही सैल सोडून मोकळे.

तिला हसू आलं. मग पिशवीचा बंद हातात पिळला गेला.

"भिंत हलवायची म्हणताहेत हे," काकूनं सगळं सांगून झाल्यावर म्हटलं. "वन्सं, तुम्हीच सांगा."

"मग हलवा की. त्याचे रॅक बसायला हवेत."

"नको," मास्तर म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मास्तर एका शब्दात असं क्वचित बोलायचे, आणि धाकट्याच्या विरुद्ध तर कधीच नाही.

"राहू दे ती जागा. ताईची खुर्ची बसते तिथं."

"आत्ता?" काका भडकले. "आत्ता बोलतोस हे? महिन्यापूर्वी सगळे बसलो होतो तेव्हा तोंडात टाचण्या होत्या तुझ्या?"

"होत्याच," मास्तर म्हणाले. "कॉलर लावत होतो."

"मग वाईट मीच! सगळा वाईटपणा माझ्याकडं. मी तिला हाकललं, असंच ना? मी तिच्या डोळ्यांसाठी म्हटलं होतं. तुमच्यापैकी कुणी तिला डॉक्टरकडं नेलं? मी नेलं. रॅक काय मी माझ्या हौशीला लावतोय? तो शेडचा काळ कुणी..." इथं ते थांबले.

"तू काढलास," आत्या म्हणाली.

 बाहेर बाकावरचं प्लास्टिक कुरकुरलं.

"तूच काढलास, धाकट्या. तुझे ते छापील फुलांचे शर्ट नसते तर आम्ही आज इथं टेबल घेऊन आलोच नसतो. हे मी तुला कधी म्हटलं नाही, ते आज म्हणते. आणि माझ्यासाठी कुणी भिंत अडवायची नाही. मी 'बरं' म्हटलंय." तिनं हेल्मेटकडं वळून मान हलवली. "बोलव रे तुझी माणसं."

हेल्मेट हलला नाही. काकांकडं पाहत राहिला. काका भिंतीकडं.

"आहे का कुणी?"

दारात कंडक्टर उभा होता. डेपोतला, रोज सकाळच्या पाळीचा. एका हातानं दुसऱ्या हाताची बाही धरलेली.

"आत्या! अहो शेडला गेलो तर कुलूप. तसाच पळत सुटलो. चौकीदार म्हणाला, सगळे आज नव्या दुकानात. मनगटाचं बटण गेलंय, आणि तासाभरात पाळी सुरू व्हायचीय. उघडलंय ना दुकान?"

"नाही," काका म्हणाले.

"हो," आत्या त्याच वेळी म्हणाली. "काढू नकोस शर्ट, असाच ये. हात दे."

बसायला काही नव्हतं. काचेजवळ पुट्टीचा डबा उपडा पडला होता, त्यावर ती बसली. पिशवीतून डबी काढली, दोरा तोडला आणि सवयीनं त्याचं टोक ओठांकडं नेलं.

नेता नेता तिचा हात थांबला.

समोर पूर्ण उंचीची काच होती आणि तिच्यातून सकाळ आत येत होती. सुईचं नेढं तिला दिसत होतं. नुसतं दिसत नव्हतं, त्याच्या पलीकडचा कंडक्टरचा बिल्ला दिसत होता. तिनं दोरा घातला. तो गेला.

पत्र्याच्या शेडमध्ये एक बल्ब होता, तोही पाठीमागं. एवढी वर्षं ती आपल्याच सावलीत सुई ओवत होती, आणि तिला वाटत होतं, डोळे गेले.

तिनं कुणाकडं पाहिलं नाही. बटण ठेवलं, बटणाखाली आणखी एक सुई आडवी घातली, म्हणजे दोरा आवळला जात नाही, आणि टाके घालायला लागली.

*

काकांनी पाहिलं.

एका खेपेत सुई ओवली गेली, हे दुकानात आणखी कुणाच्या लक्षात आलं नसेल. त्यांच्या आलं. कारण महिन्यापूर्वी चार वेळा मोजणारे तेच होते.

त्यांना एकदम शाळेचा शर्ट आठवला. दरवर्षी तो शर्ट त्यांना मोठा व्हायचा. बाह्या बोटांवर यायच्या, पोरं हसायची. त्यांनी रडून विचारलं होतं, सगळ्यांना मापाचे शर्ट शिवतेस आणि मलाच असा का? ताई म्हणाली होती, "तू आत्ता आहेस तेवढाच राहणारेस होय? पुढच्या वर्षीचा तू पण यात मावायला नको?" पुढच्या वर्षी तो शर्ट बरोबर बसला होता. त्या वर्षभरात त्यांनी एकदाही तिला तसं सांगितलं नव्हतं.

"शेठ," कंडक्टर उभ्या उभ्या म्हणाला, "बरं झालं भेटलात. ही पॅन्ट तुमच्याकडचीच. कापड झकास आहे, पण बघा, बुटाखाली येते. दोनदा बसच्या पायरीवर पडता पडता वाचलो. कमी करून कोण देईल?"

काकांनी पॅन्टकडं पाहिलं. रॅककडं पाहिलं. सगळे आपल्याकडं बघताहेत हे त्यांना कळत होतं, आणि त्यांना खाकरायची गरज वाटली, म्हणून ते खाकरले.

"ही कमी करून इथंच मिळेल," ते म्हणाले. "ताईकडं. अहो, तयार कपडा विकला की प्रत्येकाला काहीतरी खालीवर करून लागतंच. त्याला माणूस पुढंच हवा. काचेजवळ. आत कोंडून कसं चालेल? गिऱ्हाइकाला दिसायला नको?" त्यांचा आवाज आता दुकानदाराचा झाला होता, आणि त्यामुळं त्यांना बोलणं सोपं जात होतं. "हेल्मेट, भिंत आहे तिथं राहू दे."

"पुट्टी लावू?"

"लाव. आणि त्या कोपऱ्यात एक प्लग काढ. संध्याकाळी दिवा लागेल तिला."

"रॅक?" आत्या बटणावरची नजर न काढता म्हणाली.

"एक रॅक कमी."

"तुझी खोली अरुंद होईल."

"सडपातळ गिऱ्हाइकांना विकू."

"घरी आणा तो रॅक," काकू म्हणाली. "तुमचा पसारा एकदाचा कशात तरी मावेल."

"ताई," काका म्हणाले. पुढचं वाक्य दुकानदाराच्या आवाजात निघेना. "बसशील ना?"

आत्यानं दोरा दातानं तोडला. कंडक्टरची बाही सरळ केली, बटण लावून पाहिलं, काढून पाहिलं. मग म्हणाली, "या डब्यावर नाही बसणार. माझी खुर्ची शेडमध्ये आहे."

*

खुर्ची आणायला काचवाला निघाला होता. काकांनी त्याला अडवलं.

सून दारात उभी राहून पाहत होती. चिमटी तिच्या बांगड्या ओढत होती. थोड्या वेळानं रस्त्याच्या टोकाला, पिंजऱ्यातल्या झाडांमधून काका येताना दिसले. खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतलेली, पाय आकाशाकडं. आतून काकूनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"शेठ, नवा धंदा वाटतं?" बाकावरच्या आजोबांनी विचारलं.

"जुनाच आहे," काका म्हणाले आणि थांबले नाहीत.

ही बाजारपेठ नवी झाली, तेव्हा सुनेला वाटलं होतं की आपण इथं पाहुणे असू. तिला जुना रस्ता नीट ठाऊक नव्हता आणि नव्याची ओळख नव्हती. पण काचवाल्यानं गोदामात ठेवलेलं टेबल, चपलावाल्यांचे घामेजलेले हात, कुलूप पाहून पळत आलेला कंडक्टर, आणि डोक्यावर खुर्ची घेऊन येणारे काका, हे सगळं एका सकाळी तिच्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि तिला वाटलं, चिमटीला हे आठवणार नाही, म्हणून आपण नीट पाहून ठेवलं पाहिजे.

खुर्ची काचेजवळ ठेवली. मास्तरांनी ती थोडी टेबलाकडं सारली, काकांनी परत काचेकडं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मध्ये सोडली. आत्या उठून आली. बसायच्या आधी तिनं खुर्ची आणि टेबल यांच्या मधल्या जागेत दोन बोटं घातली, ट्रायलच्या वेळी कॉलरमध्ये घालते तशी, आणि फिरवून पाहिली. सगळे तिच्या बोटांकडं बघत उभे. हेल्मेटसुद्धा.

"माप कुणी घेतलं होतं?" तिनं विचारलं.

"सगळ्यांनी," सून म्हणाली.

"तरीच." ती बसली. पाठ टेकली, पाय लांब केले, मग हात पसरून चिमटीला मागून घेतलं आणि मांडीवर ठेवलं. तरीही कोपर कुठं लागलं नाही. "बरं," ती म्हणाली, आणि हे "बरं" सुनेच्या चांगलं ओळखीचं होतं.

मग तिनं पिशवी उघडली. मोठी कात्री काढून मुठीकडून सुनेपुढं धरली.

"ही तुझी. कटिंग आजपासून तू करायची. कोपऱ्याला घाबरू नकोस."

सुनेनं कात्री दोन्ही हातांनी घेतली. पिशवीच्या तळाशी अंगुस्तान चमकलं. चिमटीनं ते बरोबर हेरलं आणि मूठ आत घातली.

"ते नाही गं," आत्या म्हणाली आणि तिच्या मुठीतून सोडवून आपल्या बोटात घातलं. "ते मला लागतं. कंडक्टरसाहेब, चढा त्या टेबलावर. पाणी नाही, चहा नाही, पण लांबी घेऊ आधी. आणि ताठ उभे राहू नका. पायरी चढताना राहता तसे उभे राहा."